काचेला चिकटला, न्हाणीत सुटला

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी मालवणात एका हॉलमध्ये घरगुती वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे मी ९०० रुपयांना फसलो. पैशांचं एवढं वाटत नाही. पण तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि फसलो तो नेमका हवेच्या दाबात!

वस्तू म्हणजे न्हाणीघरात धरायचा दांडा. दोन्ही टोकांना रबरी वाट्या. भिंतीवर टेकवून खिट्टी दाबली की चिकटतात. ड्रिल नको, गवंडी नको. विक्रेत्याने टेबलावर उभ्या केलेल्या मोठ्या चकचकीत टाइलला तो लावला आणि म्हणाला, "सर, ओढा जोर लावून." ओढला. टाइल टेबलासकट हलली, दांडा नाही. "दीडशे किलो पेलतो, तीन वर्षं गॅरंटी." ऑटो फॉन गेरिके या शास्त्रज्ञाने जोडून आतली हवा काढलेले धातूचे दोन अर्धगोल घोडे जुंपूनही सुटले नव्हते, हे मुलांना रंगवून सांगणारा मी लगेच भाळलो. बिल मागितलं तर "बिलबुक संपलंय, कार्ड ठेवा."

घरी लावताना आईने विचारलं, "ह्यो दांडो सुटाचो नाय मां रे?" मी हसलो.

पंधराव्या दिवशी पहाटे धाडकन आवाज आला. आई खाली बसलेली, दांडा तिच्या हातात. "जां धरलंय, तांच हातात इलां," एवढंच म्हणाली. उजवं मनगट मोडलं होतं. डोकं बंबावर आपटलं नाही, ही रवळनाथाची कृपा.

मग मी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. वाटीचा व्यास ८ सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटीमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो. आत अगदी शून्य हवा उरली तरी एका वाटीला ५० किलोच्या आसपास, दोन मिळून शंभर. सरळ बाहेर ओढलं तर यापलीकडे जोर धरणं शक्यच नाही; आणि रबर दाबून पूर्ण निर्वात कधीच होत नाही. घसरलेला माणूस तर हिसकाच देतो. दीडशे किलो कुठून आणले?

दुसरी गोम भिंतीत. आमच्या टाइल लहान आणि खरखरीत. एक वाटी दोन टाइलांच्या मधल्या रेघेवर बसली होती. दांडा काढला तेव्हा रेघेपासून वाटीच्या मध्यापर्यंत पाण्याची बारीक ओळ दिसली. तिथून हवा रात्रंदिवस आत झिरपत होती. प्रदर्शनातल्या टाइलला रेघच नव्हती! रंगवलेल्या गिलाव्यावर तर हे टिकतच नाही, आणि गुळगुळीत टाइलवरही साबणाचा थर साचला की पकड ढिली होते. लावायचाच असेल तर रेघ टाळून, टाइल पुसून कोरडी करून, आणि दर वेळी धरण्याआधी ओढून बघून, नुसता तोल सावरण्यापुरता. अंगाचा भार त्यावर टाकू नये. म्हाताऱ्या माणसासाठी तोही नको, असं माझं मत.

कार्डावरचा नंबर बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. पैसे यूपीआयने कुणाच्या तरी खासगी नावावर गेलेले, बिल नाही, पत्ता नाही. तक्रार करायची कुणावर? बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला नंतर कळलं.

आता स्टीलचा दांडा पक्का बसवलाय. ३१६ नंबरचं स्टील घेतलं. ३०४ला आमच्या खाऱ्या वाऱ्यात डाग पडतात. भिंत चिऱ्याची, साधा प्लग आत नुसता गरगर फिरतो, म्हणून गवंड्याने भोकात रसायन भरून लांब बोल्ट बसवले आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मग आधी मी लटकलो. ७४ किलो.

जुना दांडा फेकवेना. तो पडवीतल्या कपाटाच्या काचेला लावला, आई त्यावर पंचा वाळत टाकते. तेव्हापासून तसूभर हललेला नाही.