कॉक्रेन लायब्ररी (नवजात विभाग): साडेतीन स्टार, आणि ते का ते वाचा

रिव्ह्यूंचाच रिव्ह्यू लिहायचा म्हणजे जरा गंमतच आहे, पण रेसिडेन्सीपासून एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूत) रात्री-बेरात्री हेच उघडून बसलोय तर म्हटलं लिहून टाकू एकदाचं. फक्त नवजात बाळांच्या श्वासाबद्दल बोलतोय, हृदय-बिदय मला विचारू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉक्रेनचा रिव्ह्यू म्हणजे: एका प्रश्नावर जगात जेवढ्या ट्रायल (उपचार करून बघण्याचे अभ्यास) झाल्या तेवढ्या हुडकायच्या, त्यातल्या कच्च्या-पक्क्या वेगळ्या करायच्या, आकडे एकत्र करायचे आणि शेवटी आलेखावर एकत्र निकालाचा एक छोटा काळा हिरा काढायचा. हिरा मधल्या रेषेच्या एका बाजूला पडला की उपचाराचा फायदा, दुसऱ्या बाजूला पडला की तोटा, रेषेला टेकला की नक्की काही सांगता येत नाही. १९९३ पासून हे काम चालू आहे. आपल्याकडे आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २००७ मध्ये अख्ख्या देशासाठी सबस्क्रिप्शन घेतलं, त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरलाही फुकटात वाचता यायला लागलं, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

यांचा लोगोच आमच्या विषयातला आहे. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, त्याच्या सात ट्रायल त्या गोलात काढल्यात. पहिली १९७२ ची, न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांची. सुट्या सुट्या बघितल्या तर बहुतेक ट्रायल रेषेवर लटकलेल्या, आणि सगळ्या एकत्र केल्यावर हिरा स्वच्छ एका बाजूला. आता याला पैकीच्या पैकी नाही द्यायचे तर कशाला?

पण त्याच इंजेक्शनची पुढची गोष्ट ऐका. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सहा देशांतली एक मोठी ट्रायल आली, त्यात आपलं नागपूर आणि बेळगावही होतं. हेच इंजेक्शन गावपातळीपर्यंत पोचवलं, तर लहानखुऱ्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीतच, वर एकूण बाळांमध्ये ते वाढले! इंजेक्शन मिळालेल्या कितीतरी बायका पुढे पूर्ण दिवसांच्या बाळंत झाल्या, आईला इन्फेक्शनचा संशयही जास्त दिसला. मग २०२० मध्ये भारतासह पाच देशांत, सोनोग्राफीने दिवस नीट मोजून आणि बाळाला सांभाळायची सोय असलेल्या हॉस्पिटलांत दिलं तेव्हा मृत्यू खरंच कमी झाले. म्हणजे हिऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं, तो कुठल्या दवाखान्यांतून आलाय हे आपण विचारलं नव्हतं.

दुसरी तक्रार शिळेपणाची. कमी दिवसांच्या बाळाला जन्मल्या जन्मल्या नळी टाकून सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) द्यायचं का वाट बघायची? जुनी आवृत्ती म्हणायची लगेच द्या. पण त्या ट्रायल अशा काळातल्या की सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणारं यंत्र) सर्रास लावत नव्हते आणि आईला स्टिरॉइडही फार कमी वेळा मिळायचं. २०१० ची १३१६ बाळांची सपोर्ट नावाची ट्रायल वगैरे धरून २०१२ मध्ये नवी आवृत्ती आली आणि निकाल फिरला, आधी सीपॅप लावा, गरज पडली तरच सर्फॅक्टंट. चूक सुधारली हे चांगलंच, पण जुन्या प्रिंटआउटवरून प्रोटोकॉल बनवून तो भिंतीवर चिकटवणारे आहेतच की!

तिसरी गोष्ट मला जास्त खटकते, आणि ही फक्त कॉक्रेनची नाही, या सगळ्याच प्रकारच्या रिव्ह्यूंची आहे. जन्मल्यावर फुप्फुसांत एकदाच लांब, पंधरा-पंधरा सेकंद हवा भरायची, त्याच्या छोट्या ट्रायल एकत्र केल्या तर पहिल्या ७२ तासांत व्हेंटिलेटर कमी लागतो असं दिसायचं. पण व्हेंटिलेटर लावायचा का नाही हे ठरवतो कोण, तर बाळाला काय दिलंय हे ज्याला माहीत आहे तोच डॉक्टर. मग सेल नावाची मोठी ट्रायल झाली, ४२६ बाळांवर थांबवावी लागली, कारण पहिल्या ४८ तासांत लांब हवा भरलेल्या गटात १६ बाळं गेली आणि दुसऱ्या गटात ३.

कौतुकही करायलाच पाहिजे. ऑक्सिजन सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८५ ते ८९ ठेवायचं का ९१ ते ९५, यावर पाच ट्रायलवाल्यांनी निकाल लागायच्या आधीच ठरवून टाकलं की आकडे एकत्र करायचे, आणि २०१८ मध्ये ४९६५ बाळांचा एकेकाचा हिशोब मांडला. कमी सॅच्युरेशनमध्ये मृत्यू जास्त, जास्त सॅच्युरेशनमध्ये डोळ्यांच्या पडद्याचे उपचार जास्त. ऐकायला गोड नाही पण त्याच्यावर भरवसा ठेवून मी अलार्म सेट करतो. असं काम असेल तर पाच स्टार डोळे झाकून.

वापरायला म्हणाल तर पीडीएफ प्रचंड लांब असतात, चहा संपतो पण मेथड्स संपत नाहीत. पुराव्याचा दर्जा सांगणारं टेबल मात्र बघाच, हाय, मॉडरेट, लो, व्हेरी लो, आमच्या विषयात खालचे दोन शब्द फारच दिसतात.

परवा रात्री २८ आठवड्यांचं बाळ आलं, कण्हत होतं, छाती आत ओढत होतं. सीपॅप लावून झालं, ज्युनियर मोबाइल नाचवत आली, "सर, रिव्ह्यू मिळाला, हिरा आपल्या बाजूला आहे." म्हटलं, "छान, आता त्यातला ट्रायलचा सर्च कधीपर्यंतचा आहे ते वाच." ती खाली स्क्रोल करत बसली, मी बाळाचं सॅच्युरेशन बघत बसलो.