शेलचेक: निसटलेली अवतरणचिन्हे पकडणारा तपासनीस

जुन्या वह्यांची स्कॅन केलेली पाने वर्षवार फोल्डरांत हलवण्यासाठी मी गेल्या वर्षी वीसेक ओळींची बॅश स्क्रिप्ट लिहिली होती, म्हणजे बॅश या शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला) द्यायच्या कमांडची फाइल. चाचणीसाठी घेतलेल्या फाइलींची नावे सुटसुटीत इंग्रजी असल्यामुळे ती बिनबोभाट चालली. प्रत्यक्ष संग्रहात मात्र ‘जमाखर्च वही २’ अशी नावे होती, आणि शेलने एका नावाचे तीन तुकडे करून ‘जमाखर्च’, ‘वही’ आणि ‘२’ या तीन फाइली सापडत नसल्याची तक्रार केली. कमांड हलवण्याची होती, पुसण्याची नव्हती, हे नशीब. त्या दिवसापासून माझी प्रत्येक स्क्रिप्ट आधी शेलचेकखालून जाते, आणि वर्षभराच्या या वापरावरून त्याच्याविषयी चार गोष्टी सांगता येतील असे वाटते.

शेलचेक हे विदार होलेन यांनी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले, शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारे, जीपीएल या मुक्त परवान्याखालील मोफत साधन आहे. उबुंटूवर अ‍ॅप्ट आणि मॅकवर होमब्रू या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनांनी ते मिनिटभरात बसते. ते स्क्रिप्ट चालवत नाही, नुसती वाचते, आणि प्रत्येक आक्षेपाला एक क्रमांक देते. त्यांतला सर्वाधिक भेटणारा क्रमांक म्हणजे एससी २०८६: व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव) दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर त्याचे तुकडे पडतील. हा आक्षेप सरसकट घेतला जात नाही, ही त्यातली समज मला विशेष आवडली. ज्या व्हेरिएबलमध्ये स्क्रिप्टनेच आकडा ठेवला आहे ते, किंवा दुहेरी चौकोनी कंसातली तुलना, जिथे बॅश मुळात तुकडे पाडतच नाही, अशा जागी शेलचेक गप्प बसतो.

हा धोका पुस्तकी नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्स २ च्या इन्स्टॉलरमध्ये जुनी प्रत पुसणाऱ्या ओळीतले व्हेरिएबल अवतरणचिन्हांविना राहिले होते, आणि ज्यांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती अशा काहींचा सगळा डेटा त्यात गेला. अ‍ॅपलला घाईने सुधारित आवृत्ती काढावी लागली. २०११ मध्ये बंबलबी या लिनक्स प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये ‘यूएसआर’ या सिस्टिमच्या मुख्य फोल्डरच्या नावानंतर एक स्पेस चुकून पडली होती आणि पुसण्याच्या कमांडने तो अख्खा फोल्डरच लक्ष्य केला. ही दुसरी चूक अवतरणचिन्हांची नव्हे, निव्वळ रिकाम्या जागेची आहे. तरीही शेलचेककडे तिच्यासाठी वेगळा इशारा आहे, एससी २११४.

पण या साधनाचा खरा कस लागतो तो अवतरणचिन्हे मजकुराच्या आत जाऊन बसतात तेव्हा. समजा, एखाद्या कमांडचे पर्याय आधी एका व्हेरिएबलमध्ये साठवले आणि त्यात शीर्षक म्हणून एकेरी अवतरणचिन्हांसह ‘दिवाळी अंक’ लिहिले. पुढे ते व्हेरिएबल उघडे, म्हणजे अवतरणचिन्हांविना, वापरले तर कमांडला ‘दिवाळी’ आणि ‘अंक’ हे दोन वेगळे शब्द मिळतात, तेही एकेकाला एक एक अवतरणचिन्ह चिकटलेल्या अवस्थेत. दुहेरी अवतरणचिन्हांत वापरले तर सगळे पर्याय मिळून एकच लांबलचक शब्द होतो. दोन्ही चूकच. याचे कारण शेलच्या कामाच्या क्रमात आहे: ओळ वाचताना जी अवतरणचिन्हे प्रत्यक्ष स्क्रिप्टमध्ये दिसतात तेवढ्यांनाच तो व्याकरण मानतो, मग व्हेरिएबल उलगडतो, म्हणजे त्याच्या जागी त्याचे मूल्य ठेवतो, मग उघड्या मजकुराचे स्पेस, टॅब आणि नव्या ओळीपाशी तुकडे करतो. उलगडून बाहेर आलेले अवतरणचिन्ह त्याच्या दृष्टीने ‘क’ किंवा ‘ख’सारखे एक साधे अक्षर असते. शेलचेक इथे दोन इशारे देतो: जिथे मजकूर साठवला त्या ओळीवर एससी २०८९ आणि जिथे वापरला त्या ओळीवर एससी २०९०. उपायही तोच सुचवतो, की मजकुराऐवजी अ‍ॅरे, म्हणजे सुट्या शब्दांची यादी, वापरा. या चुकीवर इव्हॅलचा (मजकूर पुन्हा कमांड म्हणून वाचायला लावण्याचा) तोडगा सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याने लक्षण जाते आणि रोग बळावतो.

वर्डमधून किंवा चॅटमधून उचललेल्या ओळींत वाकडी, छापील अवतरणचिन्हे येतात आणि शेलला ती अवतरणचिन्हे वाटतच नाहीत. शेलचेक तीही दाखवतो. आपल्याकडे कमांड एकमेकांना मेसेजमधून पाठवण्याची पद्धत पाहता हा उपयोग लहान नाही.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार अशी की एससी २०८६ची गणना ‘माहिती’ या सौम्य श्रेणीत होते. गोंगाट कमी करण्यासाठी कोणी तपासणीची पातळी ‘वॉर्निंग’वर नेली, तर ज्या चुकीसाठी हे साधन आणले तीच गाळली जाते, आणि हे लक्षातही येत नाही. माझ्या मते हे वर्गीकरण चुकीचे आहे.

दुसरी मर्यादा एसएसएचची, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर कमांड चालवणाऱ्या साधनाची. एसएसएच आपल्याला मिळालेले शब्द स्पेसने जोडून पलीकडच्या शेलला देतो आणि तो शेल सगळे पुन्हा नव्याने वाचतो, म्हणजे अलीकडची अवतरणचिन्हे अलीकडेच खर्ची पडलेली असतात. शेलचेक याबाबत फार तर व्हेरिएबल इकडच्या यंत्रावर उलगडेल असे कळवतो. तिकडे काय होईल ते पाहणे आपल्याकडेच राहते. मूल्य आधी प्रिंटएफ या कमांडच्या ‘टक्का क्यू’ (%q) या खुणेने सुरक्षित करून पाठवणे हा मी वापरत असलेला मार्ग आहे.

झेडशेल या दुसऱ्या शेलची स्क्रिप्ट शेलचेक तपासत नाही. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून नव्या खात्याला झेडशेलच मिळतो, आणि झेडशेल उघड्या व्हेरिएबलचे तुकडे आपणहून करत नाही. त्यामुळे टर्मिनलमध्ये करून पाहिलेली ओळ तिथे बरोबर चालते आणि बॅशच्या फाइलीत गेली की फुटते. अशा वापरकर्त्याला शेलचेकचा आक्षेप उगाच वाटण्याची शक्यता आहे. तो उगाच नसतो.

इशारे डिफ स्वरूपात, म्हणजे जुन्या-नव्या ओळींतल्या फरकाच्या रूपात, घेऊन थेट फाइलीवर लावताही येतात. मी ती सोय जपून वापरतो, कारण काही जागी तुकडे होणे हेच हवे असते आणि तिथे यंत्राने घातलेली अवतरणचिन्हे चालती स्क्रिप्ट मोडतात. माझ्या सध्याच्या स्क्रिप्टमध्ये अशा दोन जागा आहेत. त्यांच्या वर इशारा बंद करणारी टिप्पणी लिहिली आहे, आणि तिच्याखाली कारण मराठीत.