‘एक’ म्हणजे नेमके काय? : एकेश्वरी धर्मांवरच्या एका ध्वनिमुद्रित अभ्यासक्रमाविषयी

धर्म या शब्दाचा अर्थ आणि एकच देव मानणाऱ्या धर्मांची मांडणी या विषयावरचा चौदा व्याख्यानांचा एक मराठी अभ्यासक्रम मी नुकताच ऐकून पूर्ण केला. प्रत्येक व्याख्यान साधारण पाऊण तासाचे आहे. त्यासोबत लेखी टिपणे, प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष शंकानिरसनाचे सत्र मिळते. पुढे काही तक्रारीही मांडणार असल्यामुळे तो चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही. मात्र असा अभ्यासक्रम कोणीही निवडत असेल तर त्यात काय शोधावे आणि कशाविषयी सावध राहावे, हे यातून कळावे अशी माझी इच्छा आहे, कारण या विषयावर मराठीत गंभीरपणे बोलणारे फार थोडे आहेत.

पहिली दोन व्याख्याने ‘धर्म’ या शब्दावर आहेत आणि ती मला अपेक्षेपेक्षा चांगली वाटली. आपण गुणधर्म म्हणतो, शेजारधर्म म्हणतो, दानधर्म म्हणतो. ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूपासून आलेल्या या शब्दात वस्तूचा स्वभाव, माणसाचे कर्तव्य आणि उपासनेची रीत हे सगळे एकत्र नांदते. लॅटिन ‘रेलिजिओ’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. सिसेरो या रोमन लेखकाने त्याचा उगम ‘पुन्हा पुन्हा वाचणे, मनात घोळवणे’ या क्रियापदात शोधला, तर सुमारे साडेतीनशे वर्षांनी लॅक्टॅन्शिअस या ख्रिस्ती लेखकाने तो ‘बांधणे’ या क्रियापदाशी जोडला आणि धर्म म्हणजे माणसाला देवाशी बांधणारे बंधन असे सांगितले. अरबीतला ‘दीन’ ज्या धातूचा आहे त्याच धातूपासून ऋण या अर्थाचा ‘दैन’ शब्द होतो. एका भाषेत धारण करणे, दुसरीत बांधले जाणे, तिसरीत देणे लागणे. हे तीन शब्द शेजारीशेजारी ठेवून व्याख्यात्या काही क्षण थांबतात, आणि तो थांबा मला फार योग्य वाटला. त्यानंतर 1871 मधली मानवशास्त्रज्ञ टायलरची ‘अदृश्य आत्मिक शक्तींवरचा विश्वास’ ही व्याख्या आणि 1912 मधली समाजशास्त्रज्ञ दुर्खेमची, पवित्र गोष्टींभोवती जमलेल्या समुदायावर भर देणारी व्याख्या येते. हा भाग घाईत उरकला आहे, पण पुढच्या व्याख्यानांना तेवढा पुरतो.

अभ्यासक्रमाचा खरा जीव तिसऱ्या व्याख्यानापासून सुरू होतो. यहुदी धर्माच्या चार व्याख्यानांपैकी एक जवळजवळ पूर्णपणे एकाच वाक्यावर आहे : ‘हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव आहे, परमेश्वर एक आहे.’ बायबलमधील अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातले हे वाक्य श्रद्धाळू यहुदी सकाळी आणि संध्याकाळी म्हणतो, दाराच्या चौकटीवर लावलेल्या छोट्या डबीतल्या चर्मपत्रावर लिहून ठेवतो आणि मृत्यूसमयी तेच ओठांवर असावे अशी इच्छा धरतो. रोमनांच्या छळात मरताना रब्बी अकिवांनी ‘एक’ या शेवटच्या शब्दाचा उच्चार लांबवत प्राण सोडला, असे तालमूद हा यहुदी परंपरेचा ग्रंथ सांगतो.

या व्याख्यानासोबत तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीतल्या त्या ओळीचे मोठे छायाचित्र दिलेले आहे. ते मी बराच वेळ पाहत बसलो. ओळीतल्या पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि शेवटच्या शब्दाचे शेवटचे अक्षर, ही दोन्ही बाकीच्या अक्षरांपेक्षा ठळकपणे मोठी काढलेली आहेत. ‘ऐक’ म्हणजे ‘शमा’ या शब्दाचे ‘आयिन’ आणि ‘एक’ म्हणजे ‘एखाद’ या शब्दाचे ‘दालेत’ ही ती दोन अक्षरे. ती जोडली की ‘एद’ असा शब्द होतो आणि त्याचा अर्थ साक्षीदार. शिवाय दालेत आणि रेश ही हिब्रू अक्षरे दिसायला इतकी सारखी आहेत की कोपऱ्यातला एक बारीकसा टोक सुटला तर ‘एखाद’चे ‘आखेर’ होईल, म्हणजे ‘एक’चा ‘दुसरा’ होईल. लेखनिकाच्या हाताच्या चुकीने देव दुसरा होऊ नये म्हणून अक्षर मोठे काढायचे, ही परंपरेची काळजी समजली की एकेश्वरवाद हा कोरडा पुस्तकी शब्द राहत नाही. व्याख्यात्यांनी ही गोष्ट सांगताना आवाज चढवलेला नाही की भावना ओतलेली नाही. केवळ छायाचित्राकडे लक्ष वेधले आहे आणि तेच परिणामकारक ठरले आहे.

त्याच भागात एक महत्त्वाचा ऐतिहासिक फरकही नीट समजावला आहे. ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ ही आज्ञा इतर देव अस्तित्वातच नाहीत असे म्हणत नाही; ती निष्ठा मागते. ‘मी परमेश्वर आहे, दुसरा कोणी नाही’ हे यशयाच्या ग्रंथातले वाक्य त्याच्या पुष्कळ पुढे जाते. दोहोंच्या मध्ये इ. स. पू. 586 च्या सुमारास झालेला यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस आणि बाबिलोनमधला बंदिवास आहे. ज्या लोकांचे मंदिर पडले त्यांनी आपला देव हरला असे म्हणण्याऐवजी तोच एकटा साऱ्या जगाचा देव आहे असे म्हटले, हा मुद्दा व्याख्यात्या ज्या संयमाने उलगडतात तो संयम वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे.

ख्रिस्ती धर्मावरची चार व्याख्याने सर्वांत कठीण होती आणि तिथे अभ्यासक्रमाची परीक्षा झाली. येशूला सर्वांत पहिली आज्ञा कोणती असे विचारले असता तो तेच ‘हे इस्राएला, ऐक’ म्हणतो, हे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांचे काय करायचे? सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 मध्ये बोलावलेल्या निकियाच्या परिषदेने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे ठरवले आणि पुत्र नव्हता असा एक काळ होता म्हणणाऱ्या एरियसचे मत नाकारले. पुढच्या काही दशकांत ‘एकाच तत्त्वाचा’ आणि ‘सारख्या तत्त्वाचा’ यांवरून वाद पेटत राहिला. ग्रीकमध्ये या दोन शब्दांत फक्त ‘आयोटा’ या एका अक्षराचा फरक आहे. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर मतांगीकाराला, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीला, जे रूप आले, तेच थोड्याफार फरकाने आजही चर्चमध्ये म्हटले जाते.

मला विशेष आवडला तो मराठी शब्दांचा विचार. त्रैक्यातल्या तिघांना आपण ‘व्यक्ती’ म्हणतो आणि लगेच तीन वेगवेगळी माणसे डोळ्यांपुढे येतात. त्यावर कोणी म्हणेल की व्यक्ती म्हणजे मुळात जे व्यक्त होते ते, तेव्हा एकच देव तीन रूपांनी प्रकट झाला असे समजा. हे समाधान आपल्या कानाला इतके सवयीचे आहे की ते पटून जाते. व्याख्यात्या इथेच अडवतात आणि दाखवतात की एकच देव आलटूनपालटून तीन रूपे घेतो ही शिकवण चर्चने तिसऱ्या शतकातच साबेलियसच्या नावाने नाकारली होती. तिघांतला भेद खरा आणि देवत्व मात्र एकच, असे दोन्ही एकदम धरून ठेवणे हीच ख्रिस्ती श्रद्धेची अट आहे. ते पटणे न पटणे हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आपल्या सोयीचा अर्थ दुसऱ्याच्या श्रद्धेत घुसवू नये, हे मी या एका तासात शिकलो. 1054 ची पूर्व-पश्चिम फूट आणि 1517 पासूनची धर्मसुधारणा यांना मात्र मिळून एकच व्याख्यान दिले आहे आणि ते सनावळीच्या पुढे फारसे जात नाही.

इस्लामला तीनच व्याख्याने मिळाली आहेत, हा मला या अभ्यासक्रमाचा पहिला मोठा दोष वाटतो. जे आहे ते उत्तम आहे, म्हणूनच ते अपुरे वाटते. कुरआनातील एकशे चौदा सूरांपैकी, म्हणजे अध्यायांपैकी, एकशे बारावी, चार आयतींची (वचनांची) ‘इख्लास’ आधी मूळ अरबीत ऐकवली जाते : ‘कुल हुवल्लाहु अहद’, सांगा, तो अल्लाह एक आहे. हा ‘अहद’ आणि हिब्रूतला ‘एखाद’ ही एकाच मुळाची भावंडे आहेत. कान तयार असेल तर शब्द ओळखीचा वाटतो आणि पुढच्याच आयतींत, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि तो कोणाचे अपत्य नाही असे ऐकताना, निकियाच्या वादाचा दुसरा काठ समोर येतो. ‘शिर्क’ म्हणजे देवाला भागीदार ठरवणे. त्याच धातूचा ‘शरिका’ हा शब्द आजच्या अरबीत व्यापारी कंपनीसाठी वापरतात, हे कळल्यावर संकल्पना चटकन बसते. जकातीचेही तसेच. मराठीत जकात म्हणजे मालावरचा कर. इथे ती उपासना आहे, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आणि एक चांद्रवर्ष बाळगलेल्या संपत्तीच्या अडीच टक्क्यांची. परंतु देवाचे ज्ञान, सामर्थ्य इत्यादी गुण देवाहून वेगळे मानले तर त्याच्या एकत्वाला बाध येतो का, या प्रश्नावर मुअतझिला या इस्लामी विचारपंथाने केलेला विचार आणि 833 मध्ये खलिफा मामूनने कुरआन निर्मित आहे, अनादी नाही, हे मत विद्वानांकडून सक्तीने वदवून घ्यायला केलेली सुरुवात, हे सारे दोन-तीन वाक्यांत संपते. निकियाला जेवढा वेळ मिळाला तेवढाच याला मिळायला हवा होता. प्रश्न त्याच तोलाचा आहे.

दुसरा दोष शब्दयोजनेतला आहे. व्याख्यानांत काळजी घेतली असली तरी लेखी टिपणांत यहुदी धर्मग्रंथाला सर्वत्र ‘जुना करार’ म्हटले आहे. हे नाव ख्रिस्ती आहे. नवा करार झाला असे मानले तरच आधीचा जुना ठरतो. यहुदी माणसाच्या दृष्टीने करार एकच आणि तो अजून चालू आहे, त्याच्या ग्रंथसंग्रहाचे नाव तनाख. ‘करार’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातला बोलीचा, दोन पक्षांनी दिलेल्या वचनाचा अर्थ विसरून जातो. टिपणांत तो अर्थ जागा करण्याची संधी होती आणि ती वाया गेली.

तिसऱ्या दोषाने मला खरोखर वाईट वाटले. अखेरच्या व्याख्यानात झरथुष्ट्री, शीख आणि बहाई हे तिन्ही धर्म एकत्र कोंबले आहेत. ‘इक ओंकार’ या शब्दांनी ज्यांचा ग्रंथ उघडतो आणि ज्यांनी त्या ओंकारापूर्वी ‘एक’ हा आकडाच लिहून ठेवला, त्यांना ‘एक’ या शब्दाभोवती रचलेल्या अभ्यासक्रमात जेमतेम दहा मिनिटे मिळतात. त्याहून वाईट म्हणजे या व्याख्यानानंतरच्या चाचणीत ‘पुढीलपैकी एकेश्वरवादी धर्म कोणते?’ या प्रश्नाला शीख धर्मावर केलेली खूण यंत्राने चुकीची ठरवली. मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले की प्रश्न ‘प्रमुख’ धर्मांपुरता होता. प्रश्नात तो शब्द नव्हता. आता तो घातला आहे, पण मूळ चूक तशीच राहिली, कारण प्रमुखपणा लोकसंख्येवर ठरवायचा तर यहुदी धर्म शीख धर्माहून लहान आहे.

एवढे असूनही हा अभ्यासक्रम मी आणखी दोघांना सुचवला आहे आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे शंकानिरसनाचे एक सत्र. एका श्रोत्याने विचारले की मग यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांचा देव एकच का? ‘सगळे एकच आहे’ असे म्हणून टाळ्या मिळवणे सोपे होते. व्याख्यात्यांनी स्वतःचे मत न देता त्या त्या परंपरेने काय म्हटले ते समोर ठेवले. कुरआन ग्रंथधारकांना, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती लोकांना, उद्देशून ‘आमचा ईश्वर आणि तुमचा ईश्वर एकच आहे’ असे म्हणतो आणि त्याच ग्रंथात त्यांना ‘तीन म्हणू नका’ असेही बजावतो. बाराव्या शतकात मायमोनिडीज या यहुदी आचार्यांनी मुसलमानांचा एकेश्वरवाद निर्दोष ठरवला आणि ख्रिस्ती उपासनेला मात्र मूर्तिपूजेच्या सदरात टाकले. पुढच्या शतकात मेनाखेम मेइरी या यहुदी पंडितांनी ख्रिस्ती लोकांना त्या सदरातून बाहेर काढले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये मुसलमान आमच्यासह त्याच एका दयाळू देवाची उपासना करतात असे लेखी नोंदवले. म्हणजे या प्रश्नाला बाहेरच्या माणसाने द्यायचे एक उत्तर नाही. आतल्यांनी शतकानुशतके दिलेली आणि एकमेकांत न मिसळणारी अनेक उत्तरे आहेत. प्रश्न विचारणारे गृहस्थ काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मेइरींविषयी आणखी विचारले. ते सत्र ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास लांबले आणि एकही श्रोता उठून गेला नाही.

नव्याने नाव नोंदवणाऱ्यांना या सत्राचे ध्वनिमुद्रण मिळत नाही. जुनी सत्रे तीन महिन्यांनी काढून टाकण्याचा संस्थेचा नियम आहे. ते परत चढवावे, आणि इस्लामच्या तीन व्याख्यानांना निदान चौथे जोडावे, अशी दोन कलमी विनंती मी त्यांना केली आहे. ती मान्य होईपर्यंत नाव नोंदवणाऱ्यांनी निदान पुढचे प्रत्यक्ष सत्र कधी आहे ते आधी विचारून घ्यावे आणि आपले प्रश्न लिहून तयार ठेवावेत.