सॅक्रॅमेंटोमधील स्टॅनफर्ड निवास : पाहण्याजोगे घर

बे एरियातील मराठी घरांत पाहुणे आले की स्टॅनफर्ड विद्यापीठाची चक्कर ठरलेलीच असते. परंतु ज्यांच्या पैशातून ते उभे राहिले त्या लेलँड स्टॅनफर्ड यांची ओळख करून घ्यायची असेल, तर सॅक्रॅमेंटोतील त्यांचे घर पाहावे. राज्य सरकारने जतन केलेली ही वास्तू मार्गदर्शकाबरोबर पाहायची असते.

न्यूयॉर्क राज्यात १८२४ मध्ये जन्मलेले स्टॅनफर्ड पेशाने वकील; सोन्यासाठी लोक कॅलिफोर्नियात लोटत असताना त्यांनी खाणकामगारांना किराणा व अवजारे विकून जम बसवला आणि १८६१ मध्ये सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्षपद, हे घर व गव्हर्नरपदाची निवडणूक, तिन्ही पदरात पाडून घेतले. जानेवारी १८६२ मध्ये शपथविधीच्या दिवशी शहरात पूर होता. नवे गव्हर्नर होडीतून गेले आणि परतल्यावर वरच्या मजल्याच्या खिडकीतून घरात शिरले, असे सांगतात. पुढे १८७१-७२ मध्ये त्यांनी अख्खे घर सुमारे १२ फूट उचलून खाली नवा मजला घातला, वरही एक चढवला, आणि ४,००० चौरस फुटांच्या घराचा १९,००० चौरस फुटांचा महाल झाला.

जीर्णोद्धार करताना छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७२ मध्ये टिपलेल्या छायाचित्रांचा आधार घेतला आहे. जुने छायाचित्र आणि समोरचा दिवाणखाना ताडून पाहण्यात माझा बराच वेळ गेला. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात, हे स्टॅनफर्ड यांच्याच पैशावर १८७८ मध्ये कॅमेऱ्यांच्या रांगेने दाखवून देणारे मायब्रिज ते हेच.

या थाटामाटात एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. पहिल्याच भाषणात आशियाई स्थलांतरितांना हीन वंशाचे ठरवणाऱ्या या गव्हर्नरांच्या रेल्वेसाठी सिएरा नेवाडाचे कडे फोडले ते हजारो चिनी मजुरांनी. १० मे १८६९ रोजी युटातील प्रोमोन्टरी समिट येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेमार्ग जोडले गेले, तेव्हा सोन्याचा खिळा ठोकण्याचा मान मात्र स्टॅनफर्ड यांचा. मार्गदर्शकाला याविषयी आपण होऊन अवश्य विचारावे.

याच घरात १८६८ मध्ये जन्मलेला त्यांचा एकुलता एक मुलगा पंधराव्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये विषमज्वराने गेला. विद्यापीठ त्याच्याच नावाचे आहे. पतीच्या पश्चात जेन स्टॅनफर्ड यांनी १९०० मध्ये हे घर अनाथ मुलांसाठी देऊन टाकले. लहान मुले बरोबर असतील तर आधी जुन्या सॅक्रॅमेंटोतील रेल्वे संग्रहालय गाठावे. 'गव्हर्नर स्टॅनफर्ड' नावाचे १८६२ सालचे इंजिन तिथे उभे आहे.