हिऱ्याचं पॉलिश: ‘एक्सलंट’ घ्यावं की ‘व्हेरी गुड’?

वजन, रंग, कट (पैलूंचे कोन आणि प्रमाण) सारखेच आणि फरक फक्त पॉलिशच्या शेऱ्यात असेल, तर भिंग मागून घ्या. जीआयए ही हिऱ्यांची प्रतवारी करणारी अमेरिकी संस्था हा शेरा दहापट भिंगाखाली ठरवते. ‘व्हेरी गुड’ हिऱ्यात एखाद्या पैलूवर पॉलिशच्या चाकाच्या पुसट समांतर रेघा सापडतील. नुसत्या डोळ्यांना लखलखाट तोच. सगळ्यात खालच्या ‘पुअर’ शेऱ्याची गोष्ट मात्र वेगळी: दाट रेघा आणि जास्त तापल्याने पडलेले दुधाळ डाग प्रकाश विखुरतात, हिरा धुरकट दिसतो.

टिकायला ‘एक्सलंट’ आणि ‘व्हेरी गुड’ दोन्ही सारखेच. बोटांचं तेल दोन्हींवर बसतं, कोमट साबणपाण्याने निघतं. ‘व्हेरी गुड’ घेऊन वाचलेले पैसे कटवर घाला. तळाचा कोन चुकला तर उत्तम पॉलिशही प्रकाश परत आणत नाही.

रोजच्या अंगठीला ‘व्हेरी गुड’ पुरे. पुढे विकायचा मोठा हिरा असेल, तर ‘एक्सलंट’.