जुन्या भिंतीला गिलावा: सिमेंटचा की चुन्याचा?

जुनं घर दुरुस्तीला काढलं की पहिला वाद गिलाव्यावरून होतो. गवंडी हमखास सिमेंट सुचवतो. त्याचंही बरोबर आहे: माल लगेच मिळतो, हात बसलेला असतो, खोली लवकर पुढच्या कामाला मोकळी होते.

चुन्याचं तसं नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. एकेका थराला दिवसच्या दिवस थांबायचं, तोवर भिंत ओलसर ठेवायची. जाणता कारागीर शोधण्यातच जीव मेटाकुटीला येतो.

तरीही भिंत मुळात चुन्यात किंवा मातीत बांधलेली असेल, तर मी चुनाच निवडेन. अशा भिंतीत बहुधा पायाकडून ओल चढत असते. चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंटचा टणक थर तिला कोंडून धरतो. मग क्षार फुलतात, पोपडे सुटतात, आणि गिलावा निघताना जुन्या विटेचा पापुद्राही सोबत घेऊन येतो. ती वीट पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. भिंत सिमेंटमध्येच बांधलेली असेल तर सिमेंट खुशाल वापरा.

आणि चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक पेंट मारू नका; ओल पुन्हा आतच कोंडेल.