‘फाइन’ या एका शब्दावर तपासलेलं वर्डनेट

इंग्रजीत लिहिताना एकच शब्द तिसऱ्यांदा आला की हात समानार्थी शब्दांच्या यादीकडे जातो. वर्ड प्रोसेसरमध्ये शब्दावर राइट क्लिक केलं की पाचसात पर्याय समोर येतात, पण त्यातला कुठला कोणत्या वाक्यात बसेल हे ती यादी सांगत नाही. पीटर मार्क रॉजे यांच्या १८५२ सालच्या थिसॉरसमध्ये, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशात, शब्द कल्पनांप्रमाणे लावलेत, पण अर्थ तिथेही दिलेले नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं वर्डनेट, म्हणजे इंग्रजी शब्दांचा संगणकीय संग्रह, नेमकी हीच उणीव भरून काढतं, तेही फुकट.

वर्डनेटमध्ये मूळ एकक शब्द नसून अर्थ आहे. एका अर्थाचे सगळे शब्द एका गटात असतात. या गटाला ‘सिनसेट’ म्हणतात. प्रत्येक गटाला एका ओळीची व्याख्या असते आणि अनेक ठिकाणी उदाहरणही. हे किती उपयोगी पडतं ते बघायला ‘फाइन’ हा शब्द उत्तम, कारण त्याचे अर्थ एकमेकांपासून फार लांब गेलेत.

नाम म्हणून शोधलं तर ‘दंड’ मिळतो. त्याच गटात ‘मल्क्ट’ आणि ‘अमर्समेंट’ हे शब्द आहेत आणि वरच्या पातळीवर, म्हणजे अधिक व्यापक अर्थाच्या गटात, ‘पेनल्टी’. विशेषणांमध्ये ‘ऑल राइट’, ‘ओके’ यांचा गट आधी येतो, म्हणजे सगळं ठीक. पुढचे गट निराळेच आहेत: अर्थातला सूक्ष्म फरक, जाडीने बारीक, घडणीने उंची, स्पर्शाला मऊ किंवा बारीक कणांचं, आणि भेसळ नसलेलं, जसं सोनं. बारीक कणांच्या अर्थाला ‘कोर्स’, म्हणजे भरड, हा विरुद्धार्थी शब्द जोडलेला आहे. आपण कुठल्या अर्थावर आहोत याची खात्री करायला ही जोडी फार कामाची, कारण विरुद्ध शब्द तुमच्या वाक्याला लागू पडत नसेल तर गटच चुकलेला असतो.

वापरताना क्रम असा ठेवावा. आधी आपल्या वाक्यात शब्द नाम आहे, क्रियापद आहे, विशेषण की क्रियाविशेषण, ते ठरवा. मग त्या विभागातल्या सगळ्या व्याख्या वाचा, पहिलीवर थांबू नका. गट सापडला की त्यातला शब्द वाक्यात घालून पूर्ण वाक्य मोठ्याने वाचा. ‘फाइन सँड’मध्ये ‘ओके’ घातलं की वाळू बारीक न राहता ‘बरी’ होते. गोंधळ लगेच कानाला कळतो. शेवटी गटातल्या नुसत्या शब्दाऐवजी गटाचे संबंध उघडून बघा, कारण विशेषणांमध्ये खरे पर्याय बऱ्याचदा ‘सिमिलर टू’ या दुव्याखाली असतात. हे न उघडल्यामुळेच ‘इथे शब्द फारच कमी आहेत’ अशी तक्रार होते.

आता उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे शब्दाचा बाज फारसा सांगितलेला नसतो. ‘ऑल राइट’च्या गटातच ‘हंकी-डोरी’ हा शब्द आहे. तो गप्पांतला, कार्यालयीन पत्रात गेला तर हसं होईल. ‘अमर्समेंट’चं उलटं, तो जुना कायद्यातला शब्द, रोजच्या दंडाच्या पावतीसाठी कोणी वापरत नाही. तेव्हा निवडलेला शब्द विद्यार्थ्यांसाठीच्या एखाद्या चांगल्या शब्दकोशात पडताळल्याशिवाय वापरू नये.

दुसरी उणीव बोलण्यातल्या अर्थाची. वाक्याच्या सुरुवातीला ‘फाइन’ म्हणजे ‘बरं, चालेल’, हा होकार वर्डनेट देतं. पण ‘आणखी चहा?’ या प्रश्नाला ‘आय ॲम फाइन’ असं उत्तर आलं तर ते ‘नको’ असतं, आणि हा नकार तिथे सापडत नाही. इंग्रजी शिकणारा नेमका इथेच फसतो.

अर्थांचा क्रमही आंधळेपणाने मानू नये. शब्दांना अर्थ जोडून ठेवलेल्या एका मजकुरात कुठला अर्थ किती वेळा आला त्यावरून तो क्रम लावलेला आहे, आणि त्यातला बराच मजकूर ब्राउन कॉर्पसचा, म्हणजे १९६१ मध्ये अमेरिकेत छापलेल्या लेखनातला. शिवाय उच्चार आणि व्युत्पत्ती नाही. व्युत्पत्ती असती तर ‘दंड’ आणि ‘उत्तम’ एका शब्दात कसे आले ते कळलं असतं: दोन्ही लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट, यावरून आलेत. दंड म्हणजे प्रकरण मिटवणारी रक्कम, आणि उत्तम म्हणजे शेवटाला, पूर्णत्वाला पोचलेलं.

‘फाइन प्रिंट’ किंवा ‘फाइन-ट्यून’सारखे जोडशब्द वेगळे शोधावे लागतात. प्रिन्स्टनच्या मूळ संग्रहावर आता नवीन भर पडत नाही, त्यामुळे नवे शब्द हवे असतील तर त्याच पायावर उभं राहिलेलं, सगळ्यांना खुलं असलेलं ओपन इंग्लिश वर्डनेट वापरावं. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर एनएलटीके या तिच्या भाषाविषयक साधनसंचातून प्रिन्स्टनचा संग्रह थेट प्रोग्रॅममध्येही घेता येतो.